दुखानमधला बिनमिरचीचा शुक्रवार

गेल्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर अम्माला घेऊन कतारच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दुखानला गेले. अम्मा म्हणजे माझी आई. सत्तरी ओलांडली, गुडघे दुखतात, पण गाडीत पुढच्याच सीटवर बसायचं हा हट्ट कायम आहे. दोन महिन्यांच्या व्हिसावर ती रत्नागिरीहून माझ्याकडे, राजधानीतल्या अल दुहैलला आली आहे. आल्या दिवसापासून एकच मागणं चाललं होतं, एकदा दुखानला ने, आपलं घर बघूया. ते घर तेल कंपनीचं होतं, आपलं नव्हतं, असं मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अठरा वर्सं ज्या घरान भाकऱ्या थापल्या ता घर आपलाच."

रस्ता आता इतका रुंद आणि सरळ झालाय की गाडी आपोआप चालल्यासारखी वाटते. शहानियाच्या पुढे उंट दिसले तेव्हा अम्माने काच खाली केली. पश्चिमेकडून वारा येत होता. तिने दोनदा श्वास घेतला आणि म्हणाली, "नाय येत."

काय येत नाही ते मला कळलं. पूर्वी दुखान दिसायच्या आधी नाकाला कळायचं. जमिनीतून तेलाबरोबर वर येणाऱ्या वायूचा कुजक्या अंड्यासारखा वास वाऱ्यावरून आला, की शहरातून परतणाऱ्या बसमधली आम्ही मुलं नाक दाबत ओरडायचो, घर आलं. बाहेरच्या माणसाला त्या वासाने मळमळायचं. मला मात्र आजही कुठे तसा वास आला तर भूक लागते, कारण त्याच्या मागोमाग नेहमी अम्माच्या चुलीवरचा वास यायचा.

वसाहतीच्या गेटवर नावं लिहून घेऊन आत सोडलं. मशीद तशीच होती. शाळाही होती, नवा रंग लावलेली. आमच्या घरांची ओळ मात्र नव्हती. एकाला एक चिकटलेली ती बारा बैठी घरं काढून टाकून तिथे खडी पसरली होती, नीट, सारखी, एखाद्याने चादर ओढावी तशी. अम्मा गाडीतून उतरली, खडीवरून थोडी चालली, आणि एका जागी उभी राहून तिने पायाने खूण केली. "हय चूल."

मी तिच्या शेजारी उभी राहिले.

आमच्या ओळीतली सगळी घरं सारखीच होती, पण आमचं घर लांबून ओळखू यायचं ते मागच्या बाजूच्या डब्यांमुळे. तुपाचे रिकामे पत्र्याचे डबे, बुडाला भोकं पाडलेले, आणि त्यांत मिरचीची रोपं. खिडकीतल्या एसीचं पाणी दिवसभर थेंब थेंब गळायचं, ते अम्मा बादलीत साठवायची आणि संध्याकाळी रोपांना घालायची. ऑगस्टात, जेव्हा हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडायची, तेव्हा बादली दिवसातून दोनदा भरायची. शमाल, म्हणजे उत्तरेचा धुळीचा वारा, सुटला की अम्मा जुन्या चादरींनी डबे झाकायची आणि आम्ही घरात बसून खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबायचो. वारा थांबल्यावर पहिली बाहेर जायची ती अम्मा. प्रत्येक पान बोटांनी पुसायची.

हिवाळा वेगळा असायचा. दुखानचा समुद्र उथळ, गुडघाभर पाण्यात कितीही आत चालत जावं. बावा, म्हणजे माझे वडील, सुट्टीच्या दिवशी मला खांद्यावर घेऊन त्या पाण्यात शिरायचे आणि आम्ही सफी मासे पकडायचो. दूर गॅस जाळणाऱ्या चिमण्यांच्या ज्वाळा संध्याकाळच्या वेळी आमच्या भिंतीवर नारिंगी हलायच्या. पाऊस पडून गेला की बावांचे जुने सहकारी अबू नासेर वाळवंटातून फगा घेऊन यायचे. फगा म्हणजे वाळूखाली उगवणाऱ्या अळंब्या, बटाट्यासारख्या दिसणाऱ्या. त्यांना ओल्या मातीचा वास यायचा, आणि तो वास घेऊन अम्मा हमखास गप्प व्हायची.

ती तशी बाहेर गप्पच असायची. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून ती आली, चौथीपर्यंत मराठी शाळा शिकलेली. घरात आमच्याशी आपल्या कोकणी बोलीत भरभरून बोलायची, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की आवाज गिळायची. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, बोटाने दाखवून सामान आणायची. शेजारी केरळच्या बायका होत्या, पाकिस्तानच्या होत्या, त्यांच्याकडे बघून हसायची आणि आत यायची. दर रमजान ईद झाली की बावांना सांगायची, "ह्या वर्साला मी जातंय गावाला. पोरीला घेऊन जातंय." बावा म्हणायचे, "बघू." असं तीन वर्षं चाललं होतं.

सातवीत आम्हाला इतिहासाला लोर्ना मिस होत्या. गोव्याच्या. उंच, आखूड केसांच्या, उन्हातसुद्धा इस्त्री न मोडणाऱ्या. वर्गात इंग्रजीशिवाय एक शब्द कुणी बोललं तर त्या बोट उचलायच्या, बस, तेवढंच. ते बोट खाली येईपर्यंत वर्ग श्वास रोखून बसायचा. युरोपातल्या दर्यावर्द्यांचा धडा आला तेव्हा त्यांनी भिंतीएवढा जगाचा नकाशा लावला आणि त्यावर टाचण्या टोचून लोकरीचे धागे ताणले. पोर्तुगालहून निघालेला लाल धागा आफ्रिकेला वळसा घालून आमच्या किनाऱ्याला टेकत होता. दुसरा एक निळा धागा उलट्या दिशेला, अमेरिकेला. मग त्यांनी शाळेचं प्रदर्शन जाहीर केलं. कुणाला जहाजं करायला दिली, कुणाला होकायंत्र. मला दिलं, "ह्या जहाजांनी काय आणलं आणि काय नेलं."

मी वही घेऊन घरी आले. अम्मा भाकऱ्या थापत होती. मी तिला मोठेपणाने सांगितलं, "अम्मा, मिरची आपली नाही. ती अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी जहाजातून आणली."

तिचा हात थांबला. "कोनी?"

"पोर्तुगीजांनी. फिरंग्यांनी."

आमच्या घरात फिरंगी ही शिवी होती. बावांचे पूर्वज तांडेल, गलबतं हाकणारे. त्यांच्यातल्या एकाचं गलबत फिरंग्यांनी भर समुद्रात जाळलं, कारण त्याच्याकडे त्यांचा पास नव्हता, ही गोष्ट आमच्यात बापाकडून लेकाकडे आली होती. बावा ती सांगताना कधी चिडायचे नाहीत. फक्त एवढंच म्हणायचे, "आपलाच दर्या, आनि चालायला त्यांची चिठ्ठी." गलबतावरचा एक जण पोहत किनाऱ्याला लागला, आणि आम्ही त्याचे.

अम्माने भाकरी तव्यावर टाकली. "खोटा हाय," ती म्हणाली. "मिरची कसली फिरंग्याची? आमचे परड्यान हुती."

मी पुस्तक दाखवलं. तिला ते वाचता येत नव्हतं, पण मिरचीचं चित्र आणि त्यामागे जहाजाचं चित्र तिने पाहिलं. मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. हळद? आपली. आलं? आपलं. नारळ, चिंच, कांदा? जुने. बटाटा? त्यांचा. टोमॅटो? त्यांचा. पेरू, पपई, अननस? सगळे त्यांच्याच जहाजातून आलेले. शेवटी तिने हळूच विचारलं, "काजू?"

मी म्हटलं, काजूसुद्धा.

ती स्टुलावर बसली. तिच्या माहेरच्या घरामागे काजूची अकरा झाडं होती, तिने प्रत्येकाला नाव दिलेलं होतं. संध्याकाळी बावा आले तेव्हा तिने चहा देता देता सगळं सांगितलं, जणू घरात कुणाचं काही उघडकीला आलंय. बावा बुटांच्या नाड्या सोडत म्हणाले, "आसंल. पाव त्यांचा, साबन त्यांचा, चावी त्यांची. मना सगले मेस्त्री म्हनतात, तो शबुद पन त्यांचाच म्हनतात." अम्मा म्हणाली, "शबुद ऱ्हाऊ दे. मिरचीचा सांगतंय मी." बावांनी तिच्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

दोन दिवस ती त्याच विचारात होती. भांडी घासताना मध्येच थांबायची. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती दारातच उभी. "बाय, मना समाजला," ती म्हणाली. "त्याच्या आदी आपली मानसा काय खायची ता मना ठाव हाय."

"कसं?"

"तू झालीस तवा चाळीस दिवस मी काय खाल्लाय? बालंतिनीला मिरची देत नाय. बटाटा नाय, टोमॅटो नाय, काजू नाय. मिरी, आला, लसून, तिरफल, कुलीथ. माझे आयीन मना दिलान, तिला तिचे आयीन." ती श्वास घ्यायला थांबली. "ता जेवन मिरचीच्या आदीचा हाय. कोनी लिवला नाय, पन बायकांनी सोडला नाय."

मी आज मुलांना भूगोल शिकवते. पिकं कुठून कुठे गेली याचे नकाशे फळ्यावर काढते. पण त्या दुपारी दुखानच्या दारात उभ्या राहिलेल्या माझ्या आईने जे शोधलं, तसं काही मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

तिने ठरवलं, ते जेवण करायचं आणि प्रदर्शनात ठेवायचं. पण आधी एकदा करून बघायला हवं. त्या शुक्रवारी अबू नासेरना जेवायला बोलावलं. ते कतारीच, बावांच्या पंपहाऊसवर वर्षानुवर्षं होते, आणि त्यांचे वडील मोती काढायला समुद्रात बुड्या मारायचे. सकाळपासून घरात वेगळाच वास होता. रोज फोडणीत मिरची पडली की आम्ही ठसकायचो. त्या दिवशी कुणी ठसकलं नाही. नारळाच्या दुधात चनाद, म्हणजे इकडची सुरमई, शिजत होती, वर ठेचलेली मिरी, आलं, आमसुलं, आणि शेवटी तिरफळ. तिरफळाचा वास सांगता येत नाही. लिंबाच्या सालीसारखा म्हणावा तर त्यात डोंगरातला ओलावा असतो, आणि जिभेवर ठेवलं तर जीभ बधिर होऊन गुणगुणायला लागते. अम्माकडे गावाहून आणलेली मूठभर तिरफळं होती, फडक्यात बांधून डब्यात, डबा कपाटात.

अबू नासेर जमिनीवर मांडी घालून बसले. भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, खाल्ला. मग दुसरा. बावा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कारण बावांना स्वतःला ते जेवण सपक वाटलं होतं आणि पाहुण्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती. अबू नासेरनी तिसरा तुकडा मोडला. मग आपल्या तुटक हिंदीत म्हणाले, "ये मेरे बाप का खाना."

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील चार-चार महिने होडीवर असायचे. तेव्हा जेवण म्हणजे मासे आणि खजुराच्या पाकातला भात, आणि हिंदुस्थानातून आलेली काळी मिरी. मिरी चिमटीने मिळायची, नाखुदा, म्हणजे होडीचा कप्तान, स्वतः वाटून द्यायचा. वडील म्हातारे झाल्यावर घरात लाल मिरचीचं जेवण होऊ लागलं तेव्हा ते ताट बाजूला सारायचे. अबू नासेरनी बशीतलं संत्रं उचललं. "इसको क्या बोलता?" त्यांनी मला विचारलं. मी अरबी शब्द सांगितला, बुर्तुकाल. ते म्हणाले, "ये फिरंगी का मुल्क का नाम है, पोर्तुगाल. बंदूक लेके आया, किनारे का गाँव जलाया. फिर चला गया. नाम इधर रह गया, संतरे में." आणि त्यांनी ते संत्रं शांतपणे सोललं आणि पहिली फोड माझ्या हातावर ठेवली.

पडद्याआडून अम्माने पहिल्यांदाच परक्या माणसाला आवाज दिला. "अजून भाकरी देऊ?" कोकणीतच विचारलं तिने. अबू नासेर म्हणाले, "शुक्रन, बेटी, एक," आणि ताट पुढे केलं. मी भाकरी आणायला आत गेले तेव्हा अम्मा चुलीपाशी पदराने घाम पुसत होती आणि तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा दिसत होता, परीक्षेत पास झालेल्या मुलीसारखा.

आणि तरीही मी तिला प्रदर्शनाला बोलावलं नाही.

हे सांगणं मला आजही जड जातं. शाळेतून आलेली चिठ्ठी मी दप्तरातच ठेवली. बावांना सांगितलं, आईवडिलांना यायचं नाहीये, फक्त मुलांचं आहे. बाकीच्या मुलींच्या आया इंग्रजी बोलायच्या, हाय हीलच्या चपला घालायच्या. अम्मा ओढणी कपाळापर्यंत ओढून, प्लास्टिकच्या सपाता घालून यायची, आणि बोलायची "मना" आणि "तुना". लोर्ना मिसचं बोट वर होईल, अख्खी शाळा बघेल. हे सगळं मी डोळ्यांपुढे इतक्या वेळा पाहिलं होतं की ते घडून गेल्यासारखंच वाटत होतं.

शनिवारी सकाळी जेवणाचे डबे घेऊन मी एकटी गेले. टेबलावर पांढरा कागद, त्यावर वाट्या, आणि माझ्या अक्षरातला तक्ता. अकराच्या सुमाराला हॉल भरला, आणि दारात अम्मा दिसली. हातात सोलकढीची बरणी होती, जी मी घरी विसरले होते. ती उन्हातून चालत आली होती. ओढणी, सपाता, सगळं तसंच.

आजूबाजूला इतरांच्या आया बघून ती थबकली. पालकांना बोलावलं होतं हे तिला त्या क्षणी कळलं असणार. लोर्ना मिस पुढे झाल्या आणि इंग्रजीत मोठ्याने विचारलं, ह्या कुणाच्या आई?

मी तक्त्याकडे बघत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. पाच सेकंद असतील. अम्मा माझ्याकडे बघत होती हे मला न बघता कळत होतं. मग मी म्हटलं, "माझ्या."

मिसनी मान हलवली आणि तिला टेबलापर्यंत घेऊन आल्या. कौतुक करायचं म्हणून एक चमचा कालवण बशीत घेतलं, तोंडाजवळ नेलं, आणि चमचा तिथेच थांबला. त्यांनी बशीतला हिरवट काळा दाणा बोटाने बाजूला केला, नाकाशी धरला. मग ज्या बाईंच्या तोंडून वर्षभरात इंग्रजीशिवाय शब्द ऐकला नव्हता त्या म्हणाल्या,

"हीं तेफळां न्हय? खंयचीं गे हीं?"

अम्मा दचकली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "गावची," ती म्हणाली. "आमचे डोंगराची. तिरफला म्हनतो आमी."

"आमी बांगड्यांक घालतांव. म्हजी मांय घालता."

"बांगड्याला तर पायजेच. नायतर बांगडा उग्र लागतो."

"व्हय गे, व्हय," मिस म्हणाल्या, आणि त्यांनी भर हॉलमध्ये अम्माचा हात धरला. त्यांची इस्त्रीची बाही अम्माच्या ओल्या मनगटाला लागली. दोघींची भाषा एक नव्हती. एकीची रत्नागिरीच्या खाडीची, दुसरीची गोव्याच्या साष्टीची. पण मध्ये एक ओढाच होता, समुद्र नव्हता.

मग मिसनी सगळ्या मुलांना टेबलाभोवती बोलावलं आणि अम्माला म्हणाल्या, तू सांग, मी इंग्रजी करते. अम्मा आधी कुजबुजत बोलली. बाळंतिणीच्या जेवणापाशी आली तेव्हा तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. मिस वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगत गेल्या. एका ठिकाणी त्या थांबल्या आणि त्यांनी हॉलच्या भिंतीवर लावलेल्या स्वतःच्या नकाशावरच्या लोकरीच्या धाग्यांकडे पाहिलं. अम्मा म्हणत होती, "मिरची आली ता बरा झाला. मी मिरचीबिगर जेवनार नाय. पन ती आली म्हनून आमी जेवाय लागलो, आसा नाय."

घरी जाताना आम्ही दोघी भिंतींच्या सावलीसावलीने चाललो. डबे रिकामे होते, ते माझ्या हातात वाजत होते. अर्ध्या वाटेवर अम्मा म्हणाली, "लाज वाटली ना तुना?"

मी रडायला लागले. तिने डबे माझ्या हातातून घेतले. "रडू नको. माझी आई बाजारान मासली इकायची. टोपली घेऊन बसायची. शालेतल्या पोरी दिसल्या की मी दुकानाचे मागे लपायची. एकदा तिनी बघितलान मना लपताना." ती काही पावलं चालली. "तिनी काय म्हटलान नाय. मी तुना म्हनतंय, म्हंजे तुझ्या पोटान ऱ्हानार नाय."

एवढंच बोलली. पुन्हा कधी तो विषय तिने काढला नाही, आणि खरंच, तो माझ्या पोटात कुजला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी लोर्ना मिस आमच्याकडे आल्या, आणि मग येतच राहिल्या. दुखानला त्या एकट्याच राहत. शुक्रवारी दुपारी बूट दाराशी काढून स्वयंपाकघरात त्या स्टुलावर बसायच्या, आणि मला वर्गातल्या मिस आणि ह्या बाई एकच आहेत हे पटायला कित्येक महिने लागले. त्या नारळ खवायच्या. अम्मा त्यांना बकाल्यात घेऊन जायची, की त्या अम्माला, कळत नव्हतं, पण परत येताना दोघी मोठ्याने बोलत यायच्या. अम्माने शेजारच्या केरळी बाईंशीही बोलायला सुरुवात केली, अर्धं हिंदी, अर्धं हातवारे, मध्येच अरबी यल्ला आणि खलास. त्या वर्षी ईद झाली आणि ती गावाला जायचं बोलली नाही. बावा दोन दिवस वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "यंदा जायाचा नाय?" अम्मा म्हणाली, "लोर्नाच्या नाताळाचा बघायचा हाय. तिचा हय कोन हाय?"

एकदा असंच खवताना मिस म्हणाल्या, तो दर्यावर्द्यांचा धडा शिकवायचा म्हटलं की मला रात्रीची झोप लागत नाही. ज्या जहाजांनी मिरची आणली त्यांनीच माझं नाव आणलं, माझी प्रार्थना आणली. त्या आधी आमच्या घरात कोण कुठल्या नावाचं होतं ते आता कुणालाच माहीत नाही. मी मुलांना काय सांगू, ती जहाजं चांगली की वाईट? मी ह्यातलं अर्धंमुर्धं समजत होते. अम्मा डाळ निवडत होती. तिने विचार केला आणि विचारलं, "लोर्ना म्हटला की तू वलून बघतंस?"

"बघतां."

"मंग तुजाच नाव."

मिसनी हातातली करवंटी एकदा फिरवली. मग पुन्हा खवायला लागल्या.

त्या आणखी तीन वर्षं दुखानला होत्या. त्यांच्या आईला पक्षाघात झाला आणि त्या गोव्याला परत गेल्या. मग पत्रं सुरू झाली. मिस कोकणी लिहायच्या ती रोमन लिपीत, त्यांच्याकडे चर्चमध्ये शिकवतात तशी. अम्माला ती अक्षरं येत नव्हती. मला अक्षरं येत होती, पण ती कोकणी पुरती कळत नव्हती. म्हणून मी नुसते आवाज वाचायचे, आणि अम्मा त्यातून अर्थ उचलायची. पहिल्या पत्राची सुरुवात अम्माच्या नावाने होती, "मोगाची जुबेदा." मला वाटलं मोगऱ्याचं काहीतरी आहे. अम्मा म्हणाली, "मोग म्हंजे माया. वाच फुडं." तिची उत्तरं मी त्याच लिपीत उतरवायचे. बावांची दुपारची डुलकी चालू असायची, एसी गळत असायचा, आणि मी एकेक अक्षर जुळवत, स्वतःला न कळणारी माया बोलून दाखवत बसायचे. माझ्या बालपणातला सगळ्यांत सुखाचा आवाज कुठला विचारलं, तर तो माझाच आहे, अडखळत वाचणारा.

पुढे मी कॉलेजला रत्नागिरीला गेले, बावा निवृत्त झाले, घर सोडलं. अबू नासेर गेले. बावांना जाऊन सहा वर्षं झाली. अम्मा आणि लोर्ना मिस आता फोनवर बोलतात, एकमेकींना आवाजाचे निरोप पाठवतात, गुडघ्यांचे, शेजारणींचे, फणसांचे. पण एवढ्या वर्षांत त्या एकदाही भेटल्या नाहीत. रत्नागिरीहून मडगाव आगगाडीने चार-पाच तास. कधी बाळंतपण, कधी आजारपण, कधी लग्न, कधी नुसताच उद्या. दुखानला ज्या शुक्रवारच्या शुक्रवारी भेटत, त्यांना आपल्याच किनाऱ्यावर भेट जमली नाही.

"मिसना फोटो पाठवूया?" मी अम्माला विचारलं. खडीवर ऊन उतरायला लागलं होतं. समुद्रावरून वारा येत होता, स्वच्छ, कसलाच वास नसलेला.

"फोटो कसला, खडीचा? फोन दे."

मी निरोप रेकॉर्ड करायचं बटण दाबून फोन तिच्यापुढे धरला. तिने तो माझ्या हातातून घेतला, ओठांजवळ आणला आणि सावकाश बोलली. "लोर्ना, दुखानला हाय मी. आपला घर काढून टाकलानी. चुलीची जागा मिलाली. तुझी शाला हाय, हिरवा रंग लावलाय, बरा नाय दिसत. दर्या हाय." ती थांबली. मला वाटलं संपलं, मी हात पुढे केला. तिने मान हलवली. "घर बघायचा हुता, ता बघून झाला. आता तुनाच बघायचा ऱ्हायलाय. फेब्रुवारीन गावाला गेले की पयल्या आठवड्यान गाडीन बसतंय. गुडगा दुखतो तर दुखू दे. मडगावला टेसनावर ये."

फोन माझ्याकडे देऊन तिने ओढणी सारखी केली आणि खडीवरून, एक हात कमरेवर ठेवून, पाण्याच्या दिशेने चालायला लागली.